मोबाईल ॲपमध्ये थ्रीडी वस्तू बोटाने नीट फिरवायची कशी

थ्रीडी मॉडेल स्क्रीनवर आणणं आता काही अवघड राहिलेलं नाही, गेम बनवायचं युनिटी घ्या नाहीतर वेबवरची थ्री-जेएस लायब्ररी घ्या, फाईल टाकली की दिसायला लागतं. कटकट सुरू होते ती बोट लावल्यावर. बोट उजवीकडे सरकवलं, खुर्ची उजवीकडे वळली, झक्कास. मग तीच खुर्ची पालथी केली आणि परत उजवीकडे सरकवलं तर ही बया डावीकडे वळते! युजरला वाटतं ॲप गंडलंय, आणि त्याचं काही चुकत नाही.

आधी ठरवा, वस्तूला वर-खाली आहे का

फर्निचर, इमारत, पृथ्वीचा गोल, अशा गोष्टी कोणी उलट्या करून बघत नाही. तिथे ऑर्बिट पद्धत घ्या: आडवं सरकवलं की उभ्या अक्षाभोवती हवं तेवढं फिरू द्या, उभं सरकवलं की कलू द्या पण साधारण ८५ अंशांवर अडवा. दोन कोन साठवले की काम झालं, पालथी खुर्ची हा प्रश्नच येत नाही. दगड, रेणू, मशीनचा सुटा भाग असलं काही असेल तर मात्र सगळ्या बाजूंनी मोकळं फिरायला हवं. थ्री-जेएसमध्ये यासाठी ऑर्बिट-कंट्रोल्स आणि ट्रॅकबॉल-कंट्रोल्स असे दोन वेगळे प्रकार तयार मिळतात, पण आत काय चालतं ते कळलं तर बिघडल्यावर दुरुस्त करता येतं.

बोट किती सरकलं ते मोजा

प्रत्येक मूव्ह इव्हेंटला आत्ताची जागा वजा मागची जागा, आणि लगेच मागची जागा अपडेट. आयफोनवर जरा सांभाळून, कारण तिथला पॅन जेस्चर (बोट सरकवणं ओळखणारी तयार सोय) सुरुवातीपासूनचं एकूण अंतर देतो, ते दर वेळी शून्य केलं नाही आणि तसंच बेरजेत टाकत गेलात तर वस्तू भिंगरीसारखी सुटते.

पिक्सेलचे अंश करताना

इथे बरेच जण कुठला तरी आकडा टाकून मोकळे होतात. अँड्रॉइडच्या ओपनजीएल (ग्राफिक्स काढायची पद्धत) ट्यूटोरियलमध्ये १८० भागिले ३२० असा आकडा आहे, म्हणजे ३२० पिक्सेल सरकवले की १८० अंश. तोच आकडा १०८० पिक्सेल रुंद स्क्रीनवर वापरला तर एका स्वाइपमध्ये ६०७ अंश, दीड चक्करहून जास्त! म्हणून कच्चे पिक्सेल नकोत, डीपी (अँड्रॉइड) किंवा पॉइंट (आयफोन) वापरा, ही मापं स्क्रीनवर पिक्सेल किती दाट आहेत यावर अवलंबून नसतात. माझ्या मते स्क्रीनच्या पूर्ण रुंदीला १८० अंश हे माप हाताला बरोबर बसतं, ३६० डीपी रुंद फोनवर ते दर डीपीला अर्धा अंश येतं.

आता मुख्य काम

दोन-तीन कोन साठवून मोकळं फिरवणं जमत नाही, कारण एक अक्ष ९० अंशांवर गेला की दुसरे दोन एकमेकांवर येऊन बसतात, यालाच गिंबल लॉक म्हणतात. त्याऐवजी क्वाटर्निअन वापरा. हॅमिल्टनने १८४३ मध्ये ते शोधले आणि केन शूमेकने १९८५ मध्ये कॉम्प्युटर ॲनिमेशनवाल्यांना त्यांचा वापर दाखवून दिला. नावाला घाबरू नका, वस्तू कशी वळलीय ते सांगणारे चार आकडे असतात फक्त.

बोट ज्या दिशेने सरकलं त्याच्या काटकोनात अक्ष धरायचा. समजा बोट ३० डीपी उजवीकडे आणि ४० डीपी खाली गेलं. एकूण अंतर ५०, म्हणजे कोन २५ अंश. अक्षाचा एक्स उभ्या सरकण्यातून येतो, ४० भागिले ५० म्हणजे ०.८, वाय आडव्या सरकण्यातून, ०.६, झेड शून्य. क्वाटर्निअनमध्ये निम्मा कोन जातो, १२.५ अंश, त्याचा कोसाइन ०.९७६ हा पहिला आकडा, आणि साइन ०.२१६ ने अक्षाला गुणलं की ०.१७३, ०.१३० आणि ० हे उरलेले तीन. (इथे स्क्रीनवरचा वाय खाली वाढतो असं धरलंय; युनिटीत तो वरच्या दिशेने वाढतो आणि अक्षांची पद्धतही वेगळी, तिथे उभं सरकणं तसंच ठेवा आणि आडव्याला उणे चिन्ह द्या.)

हे नवं रोटेशन जुन्याला डावीकडून गुणायचं, म्हणजे नवं गुणिले जुनं. उजवीकडून गुणलंत तर वस्तू स्वतःच्या अक्षाभोवती फिरते आणि पालथ्या खुर्चीचा तमाशा परत सुरू. कॅमेराच तिरका असेल तर अक्ष आधी कॅमेऱ्याच्या रोटेशनने वळवून घ्या. गुणाकार झाला की नॉर्मलाइज करायला (चार आकड्यांची एकूण लांबी परत १ करायला) विसरू नका, नाहीतर बारीक चुका साठत जाऊन मॉडेल हळूहळू वेडंवाकडं दिसायला लागतं.

दुसरं बोट

दोन बोटांना जोडणाऱ्या रेषेचा कोन काढा, मागच्या कोनातून झालेला फरक म्हणजे ट्विस्ट, तो आपल्याकडे येणाऱ्या अक्षाभोवती लावा. फरक १८० च्या पुढे गेला तर ३६० वजा करा, उणे १८० च्या खाली गेला तर मिळवा, नाहीतर मध्येच गिरकी बसते. एक बोट उचललं किंवा टेकवलं की मागची जागा नव्याने घ्या, कारण वस्तू अचानक उडी मारते ती बहुतेक वेळा यामुळेच.

टॅपही हवा असेल तर पहिले ८ डीपी सोडून द्या, अँड्रॉइडचा टच स्लॉपही (इतकं सरकेपर्यंत टॅपच समजायचा ती मर्यादा) साधारण तेवढाच असतो. आणि मॉडेल स्क्रोल होणाऱ्या पानात असेल तर स्पर्श पानाने पळवू नये याची सोय करा, वेबवर सीएसएसमध्ये टच-ॲक्शन नन (touch-action: none).

बोट उचलल्यावर

थोडं फिरत राहिलं तर छान वाटतं. पण दर फ्रेमला वेगाला ०.९५ ने गुणायचं असं लिहू नका, ६० हर्ट्झच्या फोनवर एका सेकंदानंतर जवळपास ५ टक्के वेग उरतो, १२० वर अर्धा टक्काही नाही. किती वेळ गेला त्यावरून ०.९५ चा घातांक काढा. उचलण्याआधी बोट थांबलं असेल तर फिरवायचं नाही, परत बोट टेकलं की जागच्या जागी थांबवायचं.

टेस्ट करताना एक गोष्ट दिसेल: बोटाने स्क्रीनवर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे छोटी छोटी वर्तुळं काढली की वस्तू हळूहळू उलट्या दिशेने पिळत जाते. तो बग नाही, बारीक रोटेशनं एकापुढे एक गुणल्यावर असंच होतं, आणि एकाच बोटाने ट्विस्ट करायला ते उपयोगी पडतं. नकोच असेल तर शूमेकचीच १९९२ ची आर्कबॉल पद्धत वापरा, त्यात बोट टेकलं तिथपासूनच हिशोब होतो, त्यामुळे बोट मूळ जागी परत आणलं की वस्तूही मूळ स्थितीत येते.