नव्या साइटवर गूगलची कारवाई येऊ नये म्हणून करायची तयारी

सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी असो, तासगावचा बेदाणेवाला असो की साताऱ्याचा कंदी पेढेवाला, साइटचं डिझाइन पसंत करायच्या आधी डोमेनची, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या नावाची, कुंडली काढून घ्यावी. छोटं, छान नाव स्वस्तात मिळत असेल तर ते आधी कुणीतरी वापरून सोडलेलं असू शकतं. वेबॅक मशीन या साइटींच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर ते टाकून जुनी पानं बघा. तिथं जुगार किंवा झटपट कर्जाचा मजकूर दिसला तर नाव कितीही आवडलं तरी घेऊ नका.

नाव ठरलं की सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचं साधन. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदींत, टीएक्सटी रेकॉर्ड ही मजकुराची नोंद टाकून डोमेन पडताळून घ्या आणि मालक म्हणून दुकानाचाच जीमेल ठेवा. साइट करणाऱ्या पोराच्या खात्यावर सगळं राहिलं आणि तो पुण्याला नोकरीला गेला, की कारवाईची सूचना वाचायलाही कुणी उरत नाही. ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ हे पान, म्हणजे नियम मोडल्याबद्दल गूगलच्या माणसांनी केलेल्या कारवायांची नोंद, पहिल्याच दिवशी उघडा. आधीच्या मालकाच्या काळातली कारवाई अजून लागू असेल तर ती तिथं दिसते. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, लगेच जोडा. एका फाइलीत 50,000 पत्ते बसतात, त्यामुळे दुकानाच्या साइटला जागेची काळजी नाही.

साइट गूगलवर दिसत नाही म्हणजे दंड झाला, असं लगेच धरू नये. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सेटिंग्ज’मधल्या ‘रीडिंग’ पानावर सर्च इंजिनांना मज्जाव करणारी एक टिक असते. साइट तयार होत असताना ती लावतात आणि उद्घाटनाच्या गडबडीत काढायची विसरतात. उलट, एखादं पान मुद्दाम लपवायचं असेल तर त्यावर नोइंडेक्स, म्हणजे ‘हे निकालांत दाखवू नका’ असं सांगणारी खूण, लावा, पण तेच पान रोबोट्स फाइलीत (सर्च इंजिनांनी कुठं शिरू नये ते सांगणाऱ्या फाइलीत) अडवू नका. गूगलला आतच येऊ दिलं नाही तर नोइंडेक्स त्याला वाचता येणार कसं?

आता मजकूर. इथं सगळ्यात जास्त लोक फसतात ते गाववार पानांत. ‘विट्यात उत्तम हळद’, ‘जतमध्ये उत्तम हळद’, ‘कराडमध्ये उत्तम हळद’ अशी चाळीस पानं, आत गावाचं नाव सोडलं तर शब्द न् शब्द तोच, आणि शेवटी सगळीकडे एकच फोन नंबर. गूगल याला डोअरवे म्हणतं आणि ते थेट स्पॅमच्या नियमांत बसतं. एआयकडून शेकडो पानं ओतून घेतली तरी तेच. मार्च 2024 पासून ढिगाने मजकूर पाडण्यावर वेगळा नियमच आहे, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. त्यापेक्षा एकच पान नीट करा: राजापुरी आणि सेलम हळकुंडांचा फरक, पॉलिश केलेल्या आणि न केलेल्या मालाचे जवळून काढलेले फोटो, पोत्याचं वजन, किमान किती माल देता, विट्याला गाडी कुठल्या वारी जाते. गावाचं वेगळं पान तिथं खरोखर वेगळी शाखा, वेगळा पत्ता असेल तरच.

दुसऱ्या साइटींवरून आपल्या साइटकडे येणारी लिंक (तिलाच बॅकलिंक म्हणतात) विकत घेणं तर सरळ बंद. ‘महिन्याला 500 बॅकलिंक’ असं पॅकेज विकणाऱ्याला एकच विचारा: कुठल्या साइटवर, ती यादी आधी दाखवा. तो टाळेल. पेंग्विन ही खोट्या लिंका ओळखणारी यंत्रणा 2016 मध्ये गूगलच्या मुख्य यंत्रणेत बसवली गेली, तेव्हापासून अशा लिंका बहुतेक नुसत्या दुर्लक्षित होतात, म्हणजे पैसे पाण्यात. नमुना फारच उघडा पडला तर मात्र हाताने कारवाई होते. फेब्रुवारी 2011 मध्ये जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचं असंच झालं. आपल्याला हे माहीतच नव्हतं म्हणत कंपनीने एसईओ (साइट निकालांत वर आणायचं काम) बघणाऱ्या फर्मला काढलं, पण निकालांत खाली गेली ती कंपनीचीच साइट. म्हणून करारात लिहूनच घ्या की विकतच्या लिंका चालणार नाहीत. कुठे पैसे देऊन जाहिरात दिलीत तर त्या लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’, म्हणजे पैसे देऊन लावलेली, हा गुणधर्म लावायला सांगा. तुमच्या साइटच्या तळाशी बनवणारा स्वतःची ‘स्वस्त वेबसाइट सांगली’ अशी लिंक ठेवतो, तीही नोफॉलो, म्हणजे ‘ही लिंक शिफारस म्हणून धरू नका’ अशा खुणेची, करून घ्या. व्यापारी संघटनेची सभासद यादी, तुमचा माल ठेवणारी दुकानं, प्रदर्शनाची बातमी, इथून येणाऱ्या पाच-दहा लिंका नव्या दुकानाला पुरतात.

बाकीचं थोडक्यात. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं नकोत. स्वतःच्या साइटवर स्वतःलाच पाच तारे देणारा कोड लावू नका, 2019 पासून गूगल तसे तारे दाखवतच नाही. गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीवर, म्हणजे बिझनेस प्रोफाइलवर, पाटीवरचंच नाव हवं, त्याला ‘होलसेल बेस्ट हळद’ जोडलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. पाव्हण्यारावळ्यांकडून रिव्ह्यू लिहवून घेणं तर त्याहून वाईट.

पायरेटेड थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा चोरीचा तयार साचा, अजिबात नको. त्यातून कुणी आत शिरलं की तुमच्या नावाखाली जपानी अक्षरांतली हजारो पानं उगवतात आणि दुकानदाराला ते गिऱ्हाइकाकडून कळतं. महिन्यातून एकदा गूगलवर साइट हा शब्द इंग्रजीत, पुढे कोलन (:) आणि लगेच तुमचं डोमेन असं टाकून किती आणि कसली पानं येतात ते बघा.

एवढं करूनही भेट देणारे एकदम घटले तर आधी ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ उघडा. ते रिकामं असेल तर बहुधा गूगलचा मोठा बदल किंवा हंगामाचा परिणाम असतो. अशा वेळी डिसअव्हाव फाइल, म्हणजे ‘या लिंका माझ्या साइटसाठी धरू नका’ अशी गूगलला द्यायची यादी, पाठवत बसू नका, चांगल्या लिंकाही त्यात जातात. नोंद खरंच असेल तर सगळी पानं दुरुस्त करूनच फेरविचाराचा अर्ज करा. काय चुकलं, काय काढलं, कोणत्या लिंका हटवायला कुणाला कधी लिहिलं, हे तारखांसह द्या. लिंकांच्या प्रकरणात उत्तराला काही आठवडेही लागतात, आणि निर्णय येईपर्यंत दुसरा अर्ज टाकू नये.