दरबारी चित्राचा पंचनामा कसा करावा

तेहतीस वर्षं पोलीस खात्यात काढून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. त्यातली निम्मी पंचनामे लिहिण्यात गेली. चित्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण नात चित्रकला शिकतेय. मध्यंतरी पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा कॉलेज बंद होतं, आणि ती टीव्हीला लॅपटॉप जोडून मोठमोठी फ्रेंच दरबारी चित्रं लावून बसायची. रसग्रहण लिहायचं होतं म्हणे. तिच्या वहीत पहिलंच वाक्य वाचलं : ‘राणीच्या चेहऱ्यावर दुःख दिसते.’ मी म्हटलं, बाई, हे कोर्टात टिकायचं नाही.

तिथून आमची पद्धत सुरू झाली. तुम्हालाही घरबसल्या करता येईल. सामान फार नाही : दोनशे पानी वही, पेन्सिल, आणि चित्र मोठं करून बघायला पडदा. लूव्र आणि व्हर्साय या दोन्ही संग्रहालयांच्या साईटवर चित्रं फुकट बघता येतात. एक अट. चित्राखालची माहिती पहिल्यांदा वाचायची नाही. तिच्यावर हात ठेवा, नाहीतर पट्टी चिकटवा.

वहीच्या पानाला मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘दिसले ते’, उजवीकडे ‘वाटले ते’. ही रेघ मला महागात पडून समजली. नोकरीच्या सुरुवातीला एका घरफोडीत मी लिहून बसलो, ‘उंबऱ्यावर रक्ताचे डाग.’ उलटतपासणीत वकिलांनी विचारलं, रक्त आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तपासणीचा अहवाल आला तर तो ऑइलपेंट. आदल्या आठवड्यात घरमालकानं दार रंगवलेलं. सगळं कोर्ट हसलं. त्यानंतर आयुष्यभर ‘रक्तासारखे दिसणारे तांबडे डाग’ असंच लिहिलं. तेव्हा ‘राणी’ लिहू नका. ‘स्त्री, वय अंदाजे तीस, तांबडा मखमली पोशाख, कडेला फर’ असं लिहा.

मग चतुःसीमा. चित्राच्या डाव्या अंगाला काय, उजव्याला काय, वर काय, पायाशी काय. उजेड कुठून येतो तेही लिहा. सावल्या एका बाजूला पडत नसतील तर पानावर फुली मारून ठेवा.

अंतराचं बघा. चित्र मोठं करता येतं म्हणून माणूस सुटतो आणि नाकाचे केस मोजत बसतो. एडगर ॲलन पो नावाच्या अमेरिकन लेखकानं 1841 साली पॅरिसमधल्या दुहेरी खुनाची एक गोष्ट छापली. आजच्या डिटेक्टिव्ह कथेचा उगम बहुतेक लोक तिथंच धरतात. त्यातला द्युपँ हा शोधकर्ता एका खऱ्या माणसाला नावं ठेवतो, विदोक याला. विदोक आधी गुन्हेगार, तुरुंग फोडून पळणारा, आणि पुढं पॅरिसच्या गुन्हे तपास पथकाचा प्रमुख. (असली बढती आमच्या खात्यात ऐकली नव्हती.) द्युपँ म्हणतो, हा विदोक चिकाटीचा, पण वस्तू डोळ्याच्या फार जवळ धरायचा, म्हणून पूर्ण दिसायची नाही. ते वाचून मी खुर्ची चार फूट मागं घेतली. तुम्हीही घ्या. आधी लांबून, मग जवळून, मग परत लांबून.

त्याच गोष्टीत आणखी एक मजा आहे. खुनाच्या वेळी ऐकलेला आवाज प्रत्येक साक्षीदाराला परकी भाषा वाटतो, आणि ती भाषा त्यातल्या कुणालाच येत नसते. ‘वाटले ते’ हा रकाना वेगळा का ठेवायचा, ते कळलं ना?

आता खरा प्रश्न. हे चित्र काढायला सांगितलं कुणी? दरबारी चित्रकाराला पगार असतो, वरून हुकूम असतो. फिर्यादी कोण ते कळल्याशिवाय फिर्याद वाचायची नसते. क्लोद जोसेफ व्हर्ने याला 1753 साली पंधराव्या लुईकडून फ्रान्सची बंदरं रंगवायचं काम मिळालं. ठरली होती चोवीस, झाली पंधरा, आणि दहाहून जास्त वर्षं गेली त्यात. प्रत्येक बंदराचा धंदा चित्रात दिसला पाहिजे असा हुकूम. एका चित्रात ट्यूना मासे पकडण्याची आख्खी मोहीमच आहे. पण मार्सेच्या बंदराच्या 1754 च्या चित्रात पठ्ठ्यानं पुढच्या बाजूला स्वतःलाच काढलंय, बायकोसकट, आणि शेजारी एक म्हातारा, ज्याचं वय एकशे सतरा सांगितलं जायचं. मी ‘वय अंदाजे सत्तर’ लिहिलं होतं.

व्हर्ने हे नाव लक्षात ठेवा. शेरलॉक होम्स 1893 सालच्या एका कथेत सांगतो की त्याची आजी फ्रेंच चित्रकार व्हर्नेची बहीण, आणि बारीक बघण्याचं अंग त्याच्याकडं तिथूनच आलं असावं. कुठला व्हर्ने ते मात्र सांगत नाही. चित्रकार व्हर्ने तीन पिढ्यांचे : क्लोद जोसेफ 1714 चा, मुलगा कार्ल 1758 चा, नातू होरास 1789 चा. होरासचा जन्म तर लूव्रमध्येच झाला, कारण घराण्याला राहायला जागा तिथं मिळालेली. आम्ही वयाचा हिशेब मांडला. 1914 मध्ये घडणाऱ्या एका कथेत होम्स साठीचा आहे, म्हणजे जन्म 1854 च्या आसपास. आजी त्याच्याहून साठ-पासष्ट वर्षांनी मोठी धरा. येऊन थांबतो होरासवर. होरासला बहीण खरीच होती, कामिय. ती लकोंत नावाच्या चित्रकाराला दिली, आणि तिचा मुलगाही चित्रकारच निघाला. लंडनला डिटेक्टिव्ह कुणी गेला नाही. तरी असा हिशेब वहीत जरूर मांडा. सनावळी पाठ करायची ही एकच रीत मला जमली.

पुढची पायरी माझ्या सगळ्यात आवडीची : चित्रात काय नाही? होम्सच्या 1892 सालच्या एका कथेत रात्री कुत्रा भुंकत नाही आणि तेवढ्यावर तो चोर ओळखतो. खेड्यात तपासाला गेलेल्या कुठल्याही हवालदाराला हे माहीत असतं, फक्त त्यानं कथा लिहिली नाही.

नातीच्या वहीतली ती राणी म्हणजे मारी आंत्वानेत. चित्र 1787 चं, काढणारी एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ, राणीची आवडती चित्रकर्ती. कापड पावणेतीन मीटर उंच. मांडीवर धाकटा मुलगा, एका बाजूला दंडाला बिलगलेली मुलगी, दुसऱ्या बाजूला थोरला मुलगा. तो पाळण्याकडं बोट दाखवतोय. मी नातीला म्हटलं, पाळण्यात कोण ते बघ. तिनं मोठं करून बघितलं. पाळणा रिकामा. आता पट्टी काढ आणि खालचं वाच. धाकटी मुलगी सोफी त्याच वर्षी जूनमध्ये गेली होती, वर्षाचीही झाली नव्हती. नात बराच वेळ काही बोलली नाही. मग स्वतःच जुन्या वाक्यावर रेघ मारून लिहिलं : ‘पाळणा रिकामा. मुलगा बोट दाखवतो.’ दुःख हा शब्द उजव्या रकान्यात गेला, आणि आता त्याला पुरावा होता.

अजून काय नाही? गळा बघा. हार नाही. मागं अंधारात दागिन्यांचं कपाट उभं आहे आणि राणीच्या गळ्यात काही नाही. दोन वर्षांपूर्वी हिऱ्यांच्या हाराचं प्रकरण फ्रान्सभर गाजलं होतं. राणीच्या नावावर भामट्यांनी हार उचलला, आणि राणीचा दोष नसताना बदनाम तीच झाली. लोकांपुढं आई म्हणून दाखवावी यासाठी हे चित्र सांगितलेलं. आमच्या भाषेत, बचावाचा कागद.

याच्या उलट, नसलेलं घुसडलंय का तेही तपासा. ज्याक-लुई दाविदनं नेपोलियनच्या राज्याभिषेकाचं जवळजवळ दहा मीटर रुंद चित्र काढलं. मधोमध वर सज्जात नेपोलियनची आई बसलीय. 2 डिसेंबर 1804 ला ती तिथं नव्हतीच, मुलावर रुसली होती. असला पंचनामा मी केला असता तर निलंबित झालो असतो.

चेहऱ्यावरून निकाल देऊ नका. चौदाव्या लुईचा मुख्य चित्रकार शार्ल ल ब्रँ यानं राग, भीती, तिरस्कार यांत भुवया कशा हलतात यावर व्याख्यानं दिली, माणसांची तोंडं जनावरांच्या तोंडांशी ताडून चित्रं काढली. (वरच्या चित्रकर्तीचा नवरा याच घराण्यातला.) 1676 च्या जुलैमध्ये ब्रँव्हिलिए नावाच्या सरदारघराण्यातल्या बाईला वधस्तंभाकडं नेत होते, तेव्हाचं तिचं रेखाचित्र त्याच्या नावावर आहे. बापाला आणि दोन भावांना विष घालणारी बाई. माहिती झाकून मी ते बघितलं आणि लिहिलं, ‘थकलेली, आजारी बाई, दवाखान्यात नेत असावेत.’ विष घालणारे मी दोन पाहिलेत. दोघंही असेच दिसायचे. त्या विषप्रयोगांच्या काळावरच जर्मन लेखक होफमान यानं 1819 साली एक कथा लिहिली. खुनाचा छडा लावायला धडपडणारी त्यात एक म्हातारी लेखिका आहे. म्हणजे पोच्या बावीस वर्षं आधी, आणि पोलीस नव्हे, आजीबाई.

एवढं झालं की पट्टी काढून माहिती वाचा आणि दोन्ही रकाने ताडून बघा. चुकलेलं खोडू नका, आडवी रेघ मारून सही करा.

सराव मात्र गावात करा. टाऊन हॉल म्युझियममध्ये कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रं आहेत, इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तूही आहेत. आपल्याकडं दरबारी चित्रकार होता तो आबालाल रहिमान, शाहू महाराजांच्या पदरी. महाराज 1922 च्या मे महिन्यात गेले. त्या दुःखात आबालालनी आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली असं गावात जो तो सांगतो. हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि कधी शंका घेतली नाही.

मागच्या रविवारी नातीला घेऊन कोटितीर्थावर गेलो. वही तिच्या हातात. तिनं मधली रेघ मारली, डावा रकाना कोरा ठेवला, आणि विचारलं, “आबा, टाकताना बघितलं कुणी?” मी म्हटलं, “उजवीकडं लिही. आणि खाली लिही, साक्षीदार शोधणे.”