मारुती ८०० ची घरगुती डून बग्गी: आधी सांगाडा, इंजिन मग

मामांची डून बग्गी, म्हणजे वाळूत, रानात पळवायची उघडी गाडी, बेळगावकडच्या खानापूरजवळ शेतातल्या पत्र्याच्या शेडात सात पावसाळे पडून होती. मारुती ८०० चं इंजिन, पाईपचा सांगाडा, दोन सीटा आणि वर भाताच्या पिंजराचा ढीग. गेल्या दिवाळीनंतर मी आणि मामेभावानं ती बाहेर काढली, आता ती चालतेय, म्हणून जुनी उभी करणारे आणि नवीन बांधणारे अशा दोघांसाठी हे लिहायलोय. पहिल्याच दिवशी मामा म्हणाले, "बॅटरी लाव आणि सेल्फ मारून बघ की रे." सगळ्यांना तेच करावंसं वाटतंय. खरं ते अगदी शेवटी करा. इंजिन बंद पडलं तर गाडी जागेवर उभी राहते, खरं सांगाडा मोडला किंवा मागचं चाक आपोआप वळलं किंवा ब्रेक गेला तर आतल्या माणसाच्या जिवावर बेततंय.

मारुती ८०० च का, ते आधी सांगतो. कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये फायबरग्लासची बॉडी करून तिला फोक्सवॅगन बीटलचे पार्ट लावले, तीच मेयर्स मँक्स, आणि डून बग्गी म्हटल्यावर डोळ्यासमोर येतं ते चित्र तिचंच. बीटलचं इंजिन मुळातच मागं, त्यामुळं वजन ओढणाऱ्या चाकांवर येतंय आणि वाळूत पुढचा भाग हलका राहतोय. आपल्याकडं बीटल कुठनं आणायची? आपल्याकडं गल्लीगल्लीत ८०० होती, १९८३ ते २०१४ पर्यंत बनली, ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं हलकं इंजिन, पार्ट अजून मिळतात आणि कुठलाही मिस्त्री ते डोळे झाकून खोलतो. अडचण एकच, तिचं इंजिन पुढं आणि ओढणारी चाकंही पुढचीच. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, हब, स्ट्रट असा पुढचा सगळा संच उचलून मागं न्यायचा. नेताना तो फिरवायचा नाही, ज्या तोंडानं पुढं होता त्याच तोंडानं मागं बसवायचा. उलटा बसवलात तर चार गिअर मागं जायला आणि एक पुढं जायला मिळेल.

भंगारातली गाडी घेताना कार्बोरेटरवाली बघा. एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरनं पेट्रोल फवारणारी, वाईट नाही, खरं तिची वायरिंग, सेन्सर आणि ईसीयू म्हणजे तो कॉम्प्युटर, सगळं जसंच्या तसं काढून आणावं लागतंय आणि एक वायर तुटली की दोन दिवस जातात. कार्बोरेटरवाल्याला पेट्रोल पंपही इंजिनावरच असतो, वायर नको की काही नको. आणि कागद नीट करा, आपल्याकडं एमएच ०९ (कोल्हापूर) आणि केए २२ (बेळगाव) दोन्ही नंबरच्या गाड्या भंगारात येतात, जिथला नंबर तिथल्याच आरटीओत आरसी जमा झाली आहे याचा कागद मागून घ्या, नाहीतर उद्या त्या चॅसी नंबरवर काही निघालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

आता सांगाडा. जुनी बग्गी असेल तर पहिलं काम म्हणजे ती धुवायची आणि सगळा रंग खरवडायचा, निदान जोडांवरचा तरी. खानापूर, जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, लाल माती ओली होऊन खालच्या पाईपांना चिकटून बसते आणि पाईप बाहेरनं चांगला दिसत असताना आतनं गंजतो, कारण टोकं बंद केलेली नसतात, पाणी आत जातंय आणि तिथंच राहतंय. छोट्या हातोडीनं पाईप वाजवत जा, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला की तिथं ३ मिमीचं भोक पाडून जाडी मोजा. आमच्या खालच्या डाव्या पाईपाला हातोडीनं सरळ खड्डाच पडला. तो कापून टाकला. जोडांसाठी डीपी टेस्ट करा, म्हणजे रंगानं तडे शोधायची चाचणी, तीन स्प्रेचे डबे येतात, आधी क्लीनरनं पुसायचं, मग लाल रंग मारून दहा मिनिटं थांबायचं, पुसून काढायचं आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्या आणि फॅब्रिकेशनची एवढी कामं चालतात, ओळखीनं कुणाकडंही हे डबे मिळतील. आमच्या सांगाड्यात डोक्यामागच्या मोठ्या कमानीच्या बुडाला, म्हणजे जिथं जोर सगळ्यात जास्त येतो तिथंच, दोन तडे निघाले. सात वर्षांपूर्वी मामा त्याच्यात बसून नांगरलेल्या रानातनं गाडी मारत होते.

नवीन बांधणार असाल तर पाईपात पैसे वाचवू नका, दुसरीकडं कुठंही वाचवा. पाण्याची जीआय पाईप अजिबात नको, तिच्यावरचं जस्त वेल्डिंग करताना जळतंय, त्या धुरानं थंडी वाजून ताप येतो आणि जोडही पोकळ होतो. इंजिनिअरिंगची पोरं बाहा एसएई स्पर्धेला बग्गी करतात, तिथल्या नियमात मुख्य सांगाड्याला २५ मिमी बाहेरचा व्यास, ३ मिमी जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बनचं स्टील लागतंय, आणि ती गाडी लहान इंजिनाची, एकट्या माणसाची असते. ८०० चं इंजिन आणि दोन माणसं म्हटल्यावर मी दीड इंची, ३ मिमी जाडीची सीमलेस पाईप वापरायला सांगेन. हेल्मेट घालून सीटवर बसायचं आणि डोक्यापासून वरच्या पाईपापर्यंत सहा इंच जागा राहते का मोजायचं, बाहाचा नियमही तोच आहे. कमान एकाच पाईपाची, मशीनवर वाकवलेली पाहिजे, वाकताना आतल्या बाजूला सुरकुत्या पडल्या तर तो तुकडा बाद. कमानीच्या मागनं दोन तिरके टेकू आणि कमानीच्या आत एक तिरका पाईप एवढं पाहिजेच, नुसते चौकोन पत्त्याच्या घरासारखे एका बाजूला झुकतात, त्रिकोण झुकत नाही.

वेल्डिंगबद्दल एक कळकळीनं सांगतो. आपल्याकडं ऊस असल्यामुळं निपाणी, चिक्कोडीपासून खानापूरपर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणारे चांगले कारागीर आहेत आणि जाड चॅनेलवर त्यांचा हात बघण्यासारखा असतो. खरं तोच हात ३ मिमीच्या पाईपावर त्याच करंटनं चालला की पाईपाला भोक पडतंय किंवा जोडाशेजारची पाईप जळून कमकुवत होते. आमचे पहिले चार जोड असेच गेले, ते कापून परत करावे लागले. दुसऱ्या कारागिरानं मिगवर, म्हणजे तारेच्या वेल्डिंग मशीनवर, केलं, आधी पाईपाचं तोंड माशाच्या तोंडासारखं घासून दुसऱ्या पाईपावर फट न ठेवता बसवलं, सगळा सांगाडा फक्त टॅकवर, म्हणजे ठिपक्याएवढ्या वेल्डवर, उभा केला, कर्ण मोजले, आणि मग एक जोड इकडं एक तिकडं असं करत भरलं, म्हणजे उष्णतेनं सांगाडा पिळत नाही. गळीत हंगामाच्या तोंडावर हे लोक ट्रॉल्यांच्या दुरुस्तीत बुडालेले असतात, तेव्हा घाई करून घेऊ नका, पावसाळ्यात जा, वेळ देतात.

आता मागची चाकं, आणि घरगुती बग्ग्यांमध्ये सगळ्यात जास्त चूक इथंच होते असं माझं मत आहे. आपण पुढचा संच मागं आणला म्हणजे वळणारी चाकं मागं आली. स्टिअरिंगचा रॅक तिथं नाही, मग त्या नकलला, म्हणजे चाक धरून वळणाऱ्या भागाला, धरायचं कुणी? मामांनी दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी वेल्ड केली होती, ती वाकलेली निघाली, आणि मामा म्हणत होते गाडी खड्ड्यात आपोआप डावीकडं ओढते, त्याचं कारण हेच. योग्य काम असं की ८०० चेच टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या रॉडची सांध्याची टोकं, घेऊन लेथवर दोन रॉड करून घ्यायचे, एका टोकाला उलटा आटा म्हणजे फिरवून लांबी कमीजास्त करता येते, आणि रॉडचं आतलं टोक सांगाड्यावर लोअर आर्मच्या (चाक सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांडीच्या) आतल्या बुशच्या रेषेत आणि रॉड आर्मला समांतर येईल असं बसवायचं. रेष चुकली की चाक वरखाली होताना आतबाहेर वळतंय. तपासायला स्प्रिंग काढून ठेवा, जॅकनं चाक खालनं वरपर्यंत न्या आणि दर दोन इंचाला चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजा. मागच्या चाकांचं तोंड, म्हणजे पुढची कड, अगदी थोडी, २ मिमीच्या आसपास, आत ठेवा. आणि ८०० चा लोअर आर्म एकाच दांडीचा असतो, त्याला पुढंमागं धरून ठेवायचं काम स्टॅबिलायझर बार करतो, त्यामुळं तो बार आणि त्याचे ब्रॅकेटही सोबत मागं आलेच पाहिजेत, शोभेचा म्हणून भंगारात टाकू नका.

पुढं दुसऱ्या ८०० चे हब आणि रॅक लावले तर चारही चाकांना डिस्क मिळतात. रॅक मूळ जागेपेक्षा एक्सलच्या दुसऱ्या बाजूला गेला तर स्टिअरिंग उजवीकडं फिरवल्यावर चाकं डावीकडं जातात, म्हणून वेल्ड करायच्या आधी टॅकवर ठेवून फिरवून बघा. ब्रेकला दोन वेगळ्या लायनीचा मास्टर सिलेंडरच पाहिजे, पुढचे वेगळे आणि मागचे वेगळे, एक लाईन फुटली तरी दुसरी राहते. तांब्याची नळी नको, हादऱ्यानं कडक होऊन चिरते, स्टीलची घ्या आणि चाकापाशी रबरी होज. पडून राहिलेल्या गाडीचं जुनं ब्रेक ऑईल सगळं काढा, त्यानं हवेतलं पाणी ओढलेलं असतंय, आणि कॅलिपरचे पिस्टन अडकलेले असणारच. एक गोष्ट लोक विसरतात, ८०० चा हँडब्रेक मागच्या ड्रमवर होता, तो आता गेला, त्यामुळं हँडब्रेकची वेगळी सोय करा आणि तोपर्यंत चाकाखाली लावायला लाकडी ओट सोबत ठेवा.

गिअरचा दांडा मूळ गाडीत गिअरबॉक्सपासून मागं ड्रायव्हरकडं येतो, आता ड्रायव्हर पुढं आहे. बाजूनं वळसा घालून दांडा आणता येतो खरं ढिला राहतोय, केबल शिफ्टवाल्या गाडीच्या दोन केबल घेतल्या तर काम स्वच्छ होतंय. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल मापानं करून घ्या, केबल जिथं वळते तिथं मोठा गोल ठेवा. रेडिएटर पुढं ठेवलात तर हवा चांगली लागते, खरं लांब पाईपात हवा अडकते आणि काटा वर जातो, म्हणून सगळ्यात उंच जागेवर हवा काढायला एक स्क्रू ठेवा. पेट्रोलची टाकी आणि माणूस यांच्यामध्ये अख्खा पत्रा पाहिजे, सायलेन्सरच्या वर टाकी नको.

आता कुठं इंजिन. तिन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे ऑईल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी पुलीचा बोल्ट पान्यानं हातानं फिरवा. अडकलं तर जोर करू नका, अजून एक रात्र द्या. टायमिंग बेल्ट दिसायला कसाही असो, बदलाच. जुनं पेट्रोल पूर्ण काढा, आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतंय, ते पाणी धरतंय, आमच्या कार्बोरेटरच्या कुंडीत पांढरी पावडर जमली होती आणि टाकीच्या तळाला गंज. टाकी नवीन केली. कॉम्प्रेशन तिन्ही सिलेंडरचं जवळजवळ सारखं आलं म्हणून हेड खोललं नाही. एअर फिल्टर उंचावर आणि मोठा घ्या, उन्हाळ्यात लाल धूळ पिठासारखी आत जाते.

चालवायची कुठं? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, म्हणजे ही गाडी रस्त्यावर नाहीच, शेतापर्यंतही टेम्पोत घालून न्या. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, जंगलात घुसू नका. गोव्याच्या बीचवर गाडी घालायला बंदी आहे. स्वतःचं किंवा परवानगी घेतलेलं पडीक माळरान सगळ्यात चांगलं, मुरमावर मजा येते. गोकाक, अथणीकडच्या काळ्या मातीत पाऊस पडल्यावर दोन दिवस तरी जाऊ नका, चाकं मातीनं भरून लाकडी ओंडक्यासारखी होतात. हेल्मेट आणि चार पट्ट्यांचा बेल्ट नसेल तर कुणालाही बसवू नका, लहान पोरांना तर अजिबात नाही. खांद्याचे पट्टे खांद्याच्या उंचीला मागच्या आडव्या पाईपाला बांधा, खाली फरशीला बांधले तर पलटी होताना पाठीचा कणा दाबला जातोय.

सस्पेन्शनला हाय टेन्साईल बोल्ट आणि नायलॉक नट लावा आणि प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढा, सुटला तर लगेच दिसतंय. आम्ही पहिल्या दिवशी फक्त पहिल्या, दुसऱ्या गिअरमध्ये रानात दहा किलोमीटर चालवली आणि झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली झोपून बघितलं तर मागच्या डाव्या रॉडच्या चेकनटाची, म्हणजे रॉड जागेवर आवळून धरणाऱ्या नटाची, रेघ अर्धा फेरा सरकली होती. तो आवळला, दुसरा नट मागनं लावला, परत दहा किलोमीटर मारून बघितलं, रेघ जागेवर होती. मग मामांना हाक मारली.