मुलाची घरची इंग्लिश न मोडता शाळेची इंग्लिश कशी शिकवायची

अमेरिकेतल्या एका पब्लिक स्कूलमध्ये तिसरीला शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. वर्गातल्या एका मुलाने घराबद्दल चार ओळी लिहिल्या, त्यातली एक होती ‘माय ग्रॅनी बी कुकिंग’. मी लाल पेनाने ‘बी’ खोडलं, वर ‘इज’ लिहिलं, वही परत दिली. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘बट शी ॲट वर्क.’ म्हणजे आजी तर आत्ता कामावर आहे, स्वयंपाक कुठे करतेय? आणि त्याचंच बरोबर होतं. त्याच्या बोलीत, म्हणजे अमेरिकेतले बरेच काळे लोक बोलतात त्या आफ्रिकन अमेरिकन इंग्लिशमध्ये, ‘बी कुकिंग’ म्हणजे करत असते, ‘इज कुकिंग’ किंवा नुसतं ‘कुकिंग’ म्हणजे आत्ता करतेय. मराठी माणसाला हे कळायला अवघड नाही, ‘करत असते’ आणि ‘करतेय’ यात आपण रोजच फरक करतो. मी व्याकरण सुधारायला गेले आणि वाक्याचा अर्थच बदलून ठेवला.

ज्या मुलांच्या घरी स्टँडर्ड इंग्लिश, म्हणजे शाळेतली प्रमाण इंग्लिश, बोलत नाहीत त्यांना ती कशी शिकवायची याबद्दल गेली बरीच वर्षं मी जे करत आले ते इथे लिहितेय. शिक्षकांसाठी तर आहेच, पण शाळेत व्हॉलंटियर म्हणून मुलांचं वाचन घेणारे आपले बरेच पालक असतात त्यांनाही उपयोगी पडेल.

वाद काय आहे ते थोडक्यात, कारण स्टाफरूममध्ये तो तुमच्यासमोर येणारच. एक बाजू म्हणते शाळेत फक्त स्टँडर्ड, बाकी सगळं चूक, खोडा. दुसरी बाजू म्हणते मुलाची बोली ही त्याची ओळख आहे, हात लावू नका. मला स्वतःला दोन्ही पटत नाही. पहिल्या पद्धतीने मूल गप्प होतं आणि दुसऱ्या पद्धतीने मूल हायस्कूलपर्यंत पोचतं, पण परीक्षेत, अर्जात, इंटरव्ह्यूमध्ये जी भाषा लागते ती त्याला कोणी शिकवलेलीच नसते. बोलीचा आधार घेऊन स्टँडर्ड शिकवायची, हा मधला रस्ता नाहीये, हा खरं तर जास्त मेहनतीचा रस्ता आहे, आणि त्याची सुरुवात शिक्षकाने बोली शिकण्यापासून होते.

म्हणून पहिलं काम, आठवडाभर काहीही दुरुस्त करायचं नाही, फक्त ऐकायचं आणि टिपायचं. मूल बोलताना काय म्हणतं, वाचताना काय म्हणतं, लिहिताना काय लिहितं, तीन वेगळी पानं ठेवा. कोण मूल कुठली बोली बोलतं हे कातडीच्या रंगावरून ठरवू नका प्लीज, सगळी काळी मुलं आफ्रिकन अमेरिकन इंग्लिश बोलत नाहीत, आणि डोंगराळ ॲपलाशियातल्या किंवा साउथमधल्या गोऱ्या मुलांचीही स्वतःची बोली असते. इंग्लंडमध्ये शिकवत असाल तर तिथे ‘वी वॉज’, ‘आय डन इट’, ‘देम बुक्स’ ऐकू येईल, आणि पूर्वेकडच्या नॉरफक वगैरे भागात जुन्या बोलीत ‘शी गो’ म्हणतात, शेवटचा स नाहीच.

टिपलेलं घेऊन बसलात की दिसेल की ज्याला आपण ढिसाळपणा समजत होतो त्याला नियम आहेत. आफ्रिकन अमेरिकन इंग्लिशमधलं ‘शी नाइस’ हेच बघा. ‘इज’ वाट्टेल तिथे गळत नाही. स्टँडर्डमध्ये जिथे ‘शी इज’चं ‘शीज’ करता येतं साधारण तिथेच या बोलीत ‘इज’ गाळता येतो. ‘दॅट्स व्हॉट ही इज’ यातला शेवटचा ‘इज’ स्टँडर्डमध्ये आखडता येत नाही, तर बोलीतही तो तसाच राहतो, ‘दॅट्स व्हॉट ही’ असं कोणतंच मूल म्हणत नाही. ‘आय ॲम’चं ‘आय’म’ होतं पण ‘आय नाइस’ होत नाही. ‘वॉज’ही तसाच राहतो. हे कोणी शिकवलेलं नसतं, तरी सहा वर्षांचं पोर ते बिनचूक पाळतं. जॅनिस जॅक्सन या संशोधिकेने मुलांना एक चित्र दाखवलं होतं, टीव्हीवरच्या बाहुल्यांपैकी कुकी मॉन्स्टर आजारी पडून झोपलाय आणि एल्मो बिस्किटं खातोय. ‘हू इज ईटिंग कुकीज’ विचारलं तर सगळ्या मुलांनी एल्मो दाखवला, पण ‘हू बी ईटिंग कुकीज’ विचारल्यावर ही बोली बोलणाऱ्या मुलांनी कुकी मॉन्स्टर दाखवला, कारण नेहमी खाणारा तोच ना.

आता दुसरं काम, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, वाचनातली चूक आणि बोलीतला उच्चार वेगळा करायला शिका. मूल ‘पास्ट’ हा भूतकाळी शब्द बघून ‘पास’ असं वाचतं. त्याला भूतकाळ कळलाच नाही, की कळलाय पण शेवटचा ट त्याच्या बोलीत गळतो? नुसतं ऐकून सांगता येत नाही. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६० च्या दशकात न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये मुलांबरोबर काम करताना यासाठी एक फार सुंदर युक्ती काढली, ती मी आजही वापरते. अशा अर्थाचं वाक्य वाचायला द्यायचं, ‘व्हेन आय पास्ट बाय, आय रेड द पोस्टर्स’. ‘वाचतो’ आणि ‘वाचलं’ या दोन्हीचं इंग्लिश स्पेलिंग एकच, उच्चार मात्र वर्तमानाला ‘रीड’ आणि भूतकाळाला ‘रेड’. मुलाने ‘पास’ म्हटलं पण पुढे ‘रेड’ म्हटलं तर त्याला भूतकाळ कळलाय, विषय संपला, पुढे जा. ‘रीड’ म्हटलं तर मात्र भूतकाळासाठी शब्दाच्या शेवटी लागणाऱ्या ‘ई-डी’ या दोन अक्षरांचा अर्थच त्याच्यापर्यंत पोचलेला नाही आणि तो शिकवायला हवा. दोन मिनिटांचं काम आहे पण यावरून पुढचे दोन महिने काय शिकवायचं ते ठरतं.

आणि मूल मोठ्याने वाचत असताना मध्ये तोडू नका. खरंच नका. ॲन पीस्ट्रप यांनी १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमधल्या पहिलीच्या वर्गांचा अभ्यास केला होता, ज्या वर्गात बाई उच्चारावरून सारखं अडवत होत्या तिथली मुलं वाचनात मागे पडली आणि वर बोलीचा वापर कमी होण्याऐवजी वाढला. म्हणजे ज्यासाठी अडवलं तेही साधलं नाही.

तिसरं, तुलना. याला कॉन्ट्रास्टिव्ह ॲनॅलिसिस म्हणतात, नाव मोठं आहे पण वर्गात ते एका तक्त्याइतकंच असतं. फळ्यावर दोन रकाने, डावीकडे ‘घरची’, उजवीकडे ‘शाळेची’. ‘बरोबर’ आणि ‘चूक’ हे शब्द त्या तक्त्याच्या आसपासही फिरकू द्यायचे नाहीत. मुलांच्याच वह्यांतून वाक्यं घ्यायची, नावं न सांगता. डावीकडे ‘माय ब्रदर बाइक’, ‘माय कझिन रूम’, ‘द डॉग टेल’. उजवीकडे तीच, पण मालकी दाखवणारा स लावून. मग विचारायचं, काय बदललं? आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात कठीण जातं आपल्याला, पण थांबा, मुलं सांगतात. ‘उजवीकडे एक जास्तीचा स आहे.’ मग पुढचा प्रश्न, डावीकडे बाइक कोणाची ते कसं कळलं? हळूहळू कोणीतरी म्हणतं की मालक आधी येतो आणि वस्तू नंतर. झालं, दोन्हीकडचे नियम मुलांनी स्वतः शोधले, तुम्ही काहीच शिकवलं नाही आणि सगळं शिकवून झालं.

एका वेळी एकच गोष्ट घ्या. मी मालकीच्या स पासून सुरू करते कारण तो डोळ्यांना दिसतो आणि अर्थात गोंधळ नाही, मग तिसऱ्या पुरुषाचा स (‘शी वॉक’ आणि ‘शी वॉक्स’), मग भूतकाळ. ‘बी’ सगळ्यात शेवटी, कारण तिथे एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवून भागत नाही, ‘ग्रॅनी बी कुकिंग’चं शाळेच्या इंग्लिशमध्ये ‘ग्रॅनी युजुअली कुक्स’ होतं, म्हणजे अर्थ आधी बोलून घ्यावा लागतो. एका गोष्टीला दोन-तीन आठवडे लागतात, लागू द्या.

ही पद्धत चालते का असं कोणी विचारलं तर एक आकडा मी नेहमी सांगते. हॅनी टेलर यांनी शिकागोजवळच्या ऑरोरा युनिव्हर्सिटीत कॉलेजच्या मुलांचे दोन गट केले होते, एका गटाला अशी तुलना करून शिकवलं आणि दुसऱ्याला नेहमीसारखं. तुलनेच्या गटात स्टँडर्ड लिखाणात येणारी बोलीची रूपं ५९ टक्क्यांनी कमी झाली, आणि नेहमीच्या गटात कमी व्हायच्या ऐवजी ८.५ टक्क्यांनी वाढली. १९८९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. गट लहान होते हे खरं, पण माझ्या वर्गात मला दिसलेलंही याच दिशेचं आहे.

लिखाणाचं म्हणाल तर पहिला ड्राफ्ट मुलाचा, त्यावर पेन लावायचा नाही, त्यात फक्त काय सांगायचंय ते बघायचं. दुसऱ्या वेळी तक्त्यावरची जी एकच गोष्ट शिकवून झालीये तीच शोधायला सांगायची, बाकीचं दिसलं तरी सोडून द्यायचं. आणि पात्रांचे संवाद असतील तर ते घरच्या बोलीतच राहू दे, आजी जशी बोलते तशीच आजी गोष्टीत बोलणार. कुठे कुठली भाषा शोभते हे मुलाला नियमापेक्षा यातून जास्त लवकर कळतं. विज्ञानाच्या तासाला तोंडी उत्तर देताना मात्र भाषेकडे बघूच नका, तिथे विज्ञान बघा.

उच्चाराला हात लावू नका असंही माझं स्पष्ट मत आहे. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात स्टँडर्ड इंग्लिश शिकवायलाच लागते पण स्टँडर्ड म्हणजे व्याकरण आणि शब्द, ॲक्सेंट नव्हे, ती कुठल्याही ॲक्सेंटमध्ये बोलता येते. ‘आस्क’ला ‘ॲक्स’ म्हणणाऱ्या मुलाला हसतात लोक, पण हे रूप हजार वर्षं जुनं आहे, चौदाव्या शतकातला कवी चॉसर, त्याच्या लिखाणात आहे, १५३५ साली छापलेल्या कव्हरडेलच्या बायबलमध्येही आहे. आनी-पानी म्हणणाऱ्या पोराला आपल्याकडे वर्गात हसतात तेच हे. स्पेलिंग नीट येतंय ना, मग पुरे.

आता पालक. इथे मी सगळ्यात जास्त चुकले होते सुरुवातीला. मला वाटायचं बोलीचा मान राखतेय म्हटल्यावर घरचे खूश होतील, पण एका आईने सरळ विचारलं की तुम्ही माझ्या मुलीला चांगली इंग्लिश शिकवणार नाही का? तिची भीती खरी होती, वर्षानुवर्षं या मुलांकडून शाळांनी कमीच अपेक्षा ठेवल्यात. त्यामुळे पहिल्या मीटिंगमध्ये पहिलं वाक्य हेच, की वर्षाच्या शेवटी हिला स्टँडर्ड इंग्लिश लिहिता येणार. मग तक्ता दाखवा. मग सांगा की घरी बोलणं बदलू नका. आणि बोली म्हणजे स्लँग नव्हे हेही सांगावं लागतं, स्लँग म्हणजे शब्द, दर दोन वर्षांनी बदलतात, बोली म्हणजे व्याकरण, आजीपासून नातवापर्यंत तेच.

ऑकलंडचा विषय निघतोच. १८ डिसेंबर १९९६ ला तिथल्या स्कूल बोर्डाने ठराव केला, तेव्हा जिल्ह्यातली ५३ टक्के मुलं काळी होती पण स्पेशल एज्युकेशनमध्ये टाकलेल्यांत त्यांचं प्रमाण ७१ टक्के होतं. इबॉनिक्सचा, म्हणजे याच आफ्रिकन अमेरिकन इंग्लिशचा, आधार घेऊन स्टँडर्ड शिकवायची असा हेतू होता, पण ठरावाची भाषा इतकी गोंधळाची होती की देशभर समज झाला की शाळेत आता इबॉनिक्सच शिकवणार. नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन यांनीही आधी कडाडून विरोध केला आणि नंतर समजून घेऊन मत बदललं. जानेवारी १९९७ मध्ये बोर्डाने शब्द सुधारले, त्याच महिन्यात अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञांच्या संघटनेने ही बोली नियमबद्ध आहे आणि ही पद्धत शास्त्राला धरून आहे असा ठराव केला, पण तोवर टीव्हीवर चेष्टा होऊन गेली होती. म्हणून तुम्ही काय करताय ते लोकांना सोप्या भाषेत आधीच सांगा, नंतर कोणी ऐकून घेत नाही.

प्रिन्सिपलनी आक्षेप घेतला तर मिशिगनमधल्या ॲन आर्बरचा खटला दाखवा. ११ काळ्या मुलांच्या वतीने शाळेवर केस झाली होती, आणि १९७९ साली न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला की शिक्षकांना मुलांची घरची बोली ओळखता आली पाहिजे आणि वाचन शिकवताना ती लक्षात घेतली पाहिजे, ३० दिवसांत त्याचा प्लॅन द्या. मुलांची बोली हा अडथळा ठरला नव्हता, ती न ओळखणारी शाळा अडथळा ठरली होती.

एक आक्षेप मात्र मी मनापासून ऐकते. काही काळे शिक्षक आणि अभ्यासक म्हणतात की ‘घरची’ आणि ‘शाळेची’ असे रकाने केले की मुलाला हाच संदेश जातो की तुझी भाषा घरातच ठेव. हे बरोबर आहे आणि मी त्यामुळे दोन बदल केले. एक म्हणजे रकान्यांची नावं आता मुलंच ठरवतात. दुसरं, आठवड्यातून एकदा उलटा तास घेते, उजवीकडचं वाक्य देते आणि डावीकडे न्यायला सांगते. या तासाला ज्या मुलांच्या घरी स्टँडर्ड बोलतात ती अडखळतात, ‘बी’ भलत्याच जागी घालतात, आणि एरवी मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारी मुलं उठून त्यांना सांगतात की असं नाही म्हणत, ‘आत्ता’साठी तो ‘बी’ नाही वापरायचा.