गणिताच्या खास सिक्स्थ फॉर्ममध्ये जावे का, हे कसे ठरवावे

इंग्लंडमध्ये इयर इलेव्हनमध्ये शिकणारे मूल गणितात हुशार असले, की त्या घरात शरद ऋतूच्या सुमारास गणिताच्या खास सिक्स्थ फॉर्म शाळेची चर्चा हमखास सुरू होते. (या इयर इलेव्हनचा आपल्या अकरावीशी संबंध नाही, हे जीसीएसई या शालान्त परीक्षेचे वर्ष, आणि त्यानंतरची दोन वर्षे म्हणजे सिक्स्थ फॉर्म.) शाळेतल्या शिक्षकांनी सुचवलेले असते, कोणा मैत्रिणीच्या मुलाला तेथे जागा मिळालेली असते, आणि ‘आपल्याला मिळेल का?’ हा प्रश्न घरातल्या सगळ्यांच्या तोंडी बसतो. अनेक वर्षे अशा मुलांना गणित शिकवताना मला वारंवार जाणवले आहे, की ‘मिळेल का’ याची चिंता इतकी वाढते की ‘जावे का’ हे नीट विचारायचेच राहून जाते. प्रवेश मिळणे हा मान आहे, आणि मान नाकारणे फार थोड्यांना जमते. म्हणून दुसरा प्रश्न अर्ज करण्यापूर्वीच सोडवावा.

आधी या शाळा काय आहेत ते पाहू. किंग्ज कॉलेज लंडनची केनिंग्टनमधील शाळा आणि एक्सेटरची शाळा या दोन्ही २०१४ साली सुरू झाल्या. लिव्हरपूलची २०२० मध्ये, लँकेस्टर विद्यापीठाची प्रेस्टन येथील शाळा २०२२ मध्ये, आणि केंब्रिज, इंपीरियल व बर्मिंगहॅममधील अ‍ॅस्टन यांच्या शाळा २०२३ मध्ये आल्या. प्रत्येक शाळेच्या पाठीशी एखादे विद्यापीठ असते. खर्च सरकारचा असल्यामुळे फी नसते. शाळा लहान असतात आणि तेथे फक्त दोन वर्षांचे ए-लेव्हलचे, म्हणजे विद्यापीठापूर्वीच्या परीक्षेचे, शिक्षण मिळते. मूळ कल्पना सोव्हिएत रशियातून आली : कोल्मोगोरोव्ह या गणितज्ञाने १९६३ मध्ये मॉस्कोत निवडक मुलांसाठी अशी शाळा उभी केली होती. इंग्लंडच्या शाळा तिच्याइतक्या कडक नाहीत, पण एक गोष्ट तिकडूनच आली आहे, ती म्हणजे गणित हा तेथे इतर विषयांसारखा एक विषय नसून सगळ्या दिवसाचा कणा असतो. मॅथ्स आणि फर्दर मॅथ्स (म्हणजे त्यापुढचे अधिक कठीण गणित) हे दोन ए-लेव्हल विषय बहुतेक सर्वांना घ्यावेच लागतात आणि उरलेल्या एका-दोन जागा भौतिकशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स यांसारख्या मोजक्या विषयांतून भरायच्या असतात. विषयांची यादी शाळेगणिक बदलते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे निर्णयाचा बराच भाग या यादीवर ठरतो.

आता मुलाकडे पाहू. जीसीएसई गणितात ९ ही सर्वांत वरची श्रेणी मिळण्याची शक्यता असणे हे येथे फारसे बोलके लक्षण नाही, कारण तेथे अर्ज करणाऱ्या बहुतेकांची तीच स्थिती असते. मी त्याऐवजी एक साधा प्रयोग सुचवतो. मुलाला सांगावे : कोणतीही तीन अंकी संख्या घे आणि ती तिच्याच शेजारी पुन्हा लिही, म्हणजे ३५८ असेल तर ३५८३५८. आता या सहा अंकी संख्येला आधी ७ ने भाग, उत्तराला ११ ने, त्या उत्तराला १३ ने. शेवटी पुन्हा ३५८ हातात येते आणि बाकी कोठेही उरत नाही. असे का होते, हे गणितात बरे असलेले मूल पाच मिनिटांत शोधते : संख्या दोनदा लिहिणे म्हणजे तिला १००१ ने गुणणे, आणि १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३.

खरी परीक्षा येथून पुढे आहे. काही मुले उत्तर सांगून पेन खाली ठेवतात. त्यात गैर काहीच नाही. काही मुले मात्र कोणी न सांगता पुढे सरकतात : दोन अंकी संख्या तीनदा लिहिली तर? मग १०१०१ चे अवयव पाडावे लागतात, ते ३, ७, १३ आणि ३७ निघतात. चार अंकी संख्या दोनदा लिहिली तर १०००१, आणि तेथे ७३ व १३७ असे अनपेक्षित अवयव सापडतात. ७ आणि १३ दोन ठिकाणी आले आणि तिसऱ्या ठिकाणी नाहीत, हे कसे? जे मूल जेवायला हाक मारली तरी ‘दोन मिनिटे’ म्हणत या प्रश्नात अडकून राहते, त्याच्यासाठी गणिताची शाळा हे सुख आहे. जे मूल वेगाने अचूक उत्तरे काढते पण प्रश्न संपला की मोकळे होते, ते हुशारच असते. मात्र आठवड्यातला निम्म्याहून अधिक वेळ गणितात घालवणे त्याला जड जाण्याची शक्यता असते. हा प्रयोग एकदा करून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन आठवड्यांत अशी वेगवेगळी कोडी टेबलावर सोडून द्यावीत आणि काय होते ते लांबून पाहावे. पालक शेजारी बसून राहिले की मूल पालकांसाठी गणित करू लागते.

या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. माझ्याकडे शिकणारा एक मुलगा इतका झपाट्याने गणिते सोडवत असे की त्याने अर्ज करावा असे मीच त्याच्या आईवडिलांना आग्रहाने सांगितले. त्याला जागा मिळाली, आणि नाताळच्या सुट्टीत भेटला तेव्हा तो मला म्हणाला, ‘सर, मला इतिहास आठवतो.’ तो दोन वर्षे तेथेच राहिला, निकालही उत्तम लागला, परंतु विद्यापीठात त्याने निवडलेल्या विषयाचा गणिताशी संबंध नव्हता. त्याला निबंध लिहायला आवडतात हे मला ठाऊक होते. मी ते विचारात घेतले नव्हते, एवढेच.

म्हणून दुसरी पायरी म्हणजे कोणती दारे मिटतात याचा हिशेब. शाळेची विषयांची यादी समोर ठेवावी आणि मुलाला ज्यात रस आहे त्या विषयांपैकी कोणते तिच्यात नाहीत हे मोठ्याने वाचावे. वैद्यकशास्त्राचा विचार मनाच्या कोपऱ्यातही असेल तर रसायनशास्त्राशिवाय बहुतेक मेडिकल स्कूलची दारे उघडत नाहीत, आणि जीवशास्त्रही अनेक ठिकाणी लागते किंवा उपयोगी ठरते. तेव्हा जेथे हे विषय नाहीत ती शाळा बाद समजावी. केमिकल इंजिनिअरिंगच्या बाबतीतही रसायनशास्त्राची चौकशी आधी करावी. याउलट अभियांत्रिकीच्या बऱ्याचशा शाखा, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र आणि अर्थातच गणित यांसाठी मॅथ्स, फर्दर मॅथ्स आणि भौतिकशास्त्र ही मांडणी भक्कम आहे. भाषा, संगीत, इतिहास यांचे काय, हा प्रश्न आपल्या घरांतून सहसा विचारला जात नाही, कारण ‘ते काय, छंद म्हणून करता येईल’ असे उत्तर आधीच तयार असते. ज्या मुलाला फ्रेंच किंवा इतिहास खरोखर आवडतो त्याच्यासाठी ते उत्तर पुरेसे नसते.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे : तुलना कशाशी करायची? खास शाळेची तुलना ‘साधारण शाळा’ नावाच्या कल्पनेशी करून चालत नाही. ती मुलाला प्रत्यक्षात उपलब्ध असलेल्या सिक्स्थ फॉर्मशी करावी लागते. त्यासाठी सध्याच्या शाळेत किंवा जवळच्या कॉलेजात जाऊन काही नेमके प्रश्न विचारावेत. फर्दर मॅथ्स तेथे वेळापत्रकात पूर्ण तासांसह शिकवले जाते, की शाळा सुटल्यावर उरकले जाते? वर्गात किती मुले असतात? तीन मुलांच्या वर्गात लक्ष भरपूर मिळते, पण वाद घालायला कोणी नसते. तो विषय शिकवणारे शिक्षक किती वर्षे तो शिकवत आहेत, आणि ते सोडून गेल्यास दुसरे कोणी आहे का? केंब्रिजला गणितासाठी अर्ज करणाऱ्यांना स्टेप ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. तेथील ऑफर सहसा ए-लेव्हलला दोन ए-स्टार (सर्वांत वरची श्रेणी), एक ए आणि स्टेपच्या दुसऱ्या व तिसऱ्या पेपरात ग्रेड १ अशी असते. त्या पेपरांतला एकेक प्रश्न अर्धा-पाऊण तास खातो आणि त्याची सवय एकट्याने लावून घेणे फार कठीण असते. शाळेत गेल्या काही वर्षांत कोणी स्टेपला बसले होते का आणि त्याला मदत कोणी केली, हे विचारले की गणित विभागाची ताकद लगेच कळते. उत्तरे समाधानकारक आली, तर खास शाळेचा फायदा वाटतो तेवढा मोठा उरत नाही. ती डळमळीत आली, फर्दर मॅथ्सचा वर्ग ‘पुरेशी मुले आली तर’ भरणार असेल, तर तराजू स्पष्टपणे दुसरीकडे झुकतो.

शाळांच्या झळाळत्या निकालांवर मात्र फार विसंबू नये. निवडूनच घेतलेल्या मुलांचे निकाल चांगले लागणारच.

आता एक नाजूक मुद्दा. आपले मूल आजवर वर्गात पहिले आले असेल, तर तेथे ते बहुधा मध्ये कोठेतरी असेल, आणि निम्मी मुले मधल्या रेषेच्या खाली असतील हे तर गणितच सांगते. काही मुले यामुळे सुटकेचा श्वास सोडतात; कोणी तरी आपल्यासारखे आहे, लपवून ठेवायची गरज नाही, असे त्यांना प्रथमच वाटते. काही मुले आतल्या आत कोमेजतात. आपले मूल यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखण्याची एक खूण आहे : युकेएमटी या संस्थेच्या शालेय गणित स्पर्धेत किंवा बुद्धिबळात आपल्याहून सरस मुलाकडून हरल्यावर ते घरी येऊन काय बोलते? ‘त्याला ती चाल कशी सुचली कोण जाणे’ असे म्हणणारे मूल तेथे टिकेल. दोन दिवस गप्प बसणाऱ्या मुलाला पाठवू नये असे मी म्हणणार नाही, परंतु ही गोष्ट त्याच्याशी आधीच मोकळेपणाने बोलावी.

प्रवासाचा हिशेब कागदावर मांडावा, कारण उत्साहात सव्वा तास हा सव्वा तास वाटत नाही. एका बाजूला सव्वा तास, म्हणजे रोज अडीच तास. शाळेचे वर्ष १९० दिवसांचे धरले तर वर्षाला ४७५ तास. ए-लेव्हलच्या एका विषयासाठी दोन वर्षांत मिळून ३६० तासांचे अध्यापन गृहीत धरलेले असते. म्हणजे मूल एका वर्षात एका पूर्ण विषयाहून अधिक वेळ गाडीत बसेल. गाडीत जागा मिळून वाचता येत असेल तर गोष्ट वेगळी. हिवाळ्यात उभ्याने, दोन ठिकाणी बदलत जायचे असेल तर वेगळी. एकदा तरी कामाच्या दिवशी, सकाळच्या गर्दीच्या वेळी, मुलाने स्वतः तो प्रवास करून पाहावा. एक्सेटरच्या शाळेत दूरच्या मुलांसाठी आठवड्याचे दिवस राहण्याची सोय आहे, पण सोळाव्या वर्षी घराबाहेर राहायची तयारी हा स्वतंत्र विषय आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना १६+ झिप कार्डावर बसचा प्रवास फुकट असतो. उत्पन्न कमी असेल तर १६ ते १९ बर्सरी फंडाबद्दल शाळेला निःसंकोच विचारावे. काही ठरावीक परिस्थितींतील मुलांना त्यातून वर्षाला १,२०० पौंडांपर्यंत मदत मिळू शकते आणि इतरांसाठी शाळा स्वतः ठरवते. शिवाय, ज्या मुलांना घरातून किंवा आधीच्या शाळेतून फारशी संधी मिळालेली नाही त्यांच्यापर्यंत पोहोचणे हा या शाळांच्या कामाचाच भाग आहे, त्यामुळे ‘ते आपल्यासारख्यांसाठी नाही’ असे समजून अर्ज टाळू नये.

ओपन इव्हनिंगला गेल्यावर मुख्याध्यापकांचे भाषण ऐकावे, पण वेळ दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलण्यात घालवावा, आणि पालकांनी त्या वेळी दोन पावले मागे उभे राहावे. एकच प्रश्न विचारायचा झाला तर हा : ‘येथे आल्यामुळे तुझे काय सुटले?’ ज्याचे काहीच सुटले नाही असे विद्यार्थी भेटणे अवघड आहे. प्रामाणिक उत्तर देताना तो विद्यार्थी खंतावतो की खांदे उडवून हसतो, हे पाहण्यासारखे असते.

अर्ज साधारणपणे शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत भरले जातात, त्यानंतर शाळेची स्वतःची लेखी परीक्षा आणि मुलाखत होते, आणि वसंतात सशर्त ऑफर येते. नेमक्या तारखा प्रत्येक शाळेच्या वेगळ्या असतात व चुकल्या तर चुकल्या. गणितात ८ किंवा ९ श्रेणीची अट सर्रास दिसते. प्रवेश परीक्षेसाठी क्लास लावून महिनोन्‌महिने तयारी करून घेण्याच्या मी विरुद्ध आहे. त्या परीक्षेत अनोळखी प्रश्नाशी मूल कसे झगडते हे पाहतात, आणि घोटून मिळवलेली जागा पुढे दोन वर्षे घोटतच टिकवावी लागते. केंब्रिजच्या एनरिच प्रकल्पातील कोडी किंवा युकेएमटीचे जुने पेपर सवडीने सोडवले तर पुरे.

ऑफर स्वीकारली तरी आपल्या शाळेतील किंवा जवळच्या कॉलेजातील जागा सोडू नये. ऑगस्टमध्ये जीसीएसईचा निकाल लागेपर्यंत दोन्ही हातात ठेवणे रीतसर आहे आणि त्यात कोणाचीही फसवणूक होत नाही. निकालाच्या सकाळी अटीपेक्षा एखादी श्रेणी कमी आली तर लगेच फोन करावा, कधी कधी जागा मिळते. आणि सप्टेंबरमध्ये गेल्यावर चुकले असे वाटू लागले, तर ते ऑक्टोबरच्या सुट्टीआधी बोलून दाखवायला मुलाला सांगून ठेवावे, कारण त्यानंतर दुसरीकडे वर्ग पुढे गेलेले असतात आणि परत फिरणे फार अवघड होते.