एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज उशिरा करताना या चुका टाळा

दिवाणी दाव्यात प्रतिवादी गैरहजर राहिल्याने एकतर्फी हुकूमनामा (त्याचे म्हणणे न ऐकता दिलेला न्यायालयाचा निर्णय) झाला, तर तो रद्द करून घेण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ खाली अर्ज करता येतो आणि मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १२३ नुसार त्याला ३० दिवसांची मुदत असते. ती उलटली की याच कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. बचाव भक्कम असूनही अनेक पक्षकार या दुसऱ्या अर्जातच अडकतात, आणि ते फार वाईट वाटते, कारण त्यांचे म्हणणे कोणी ऐकलेलेच नसते.

सर्वांत महागात पडते ती हुकूमनामा कळल्याची चुकीची तारीख. समन्स रीतसर बजावले गेले नसेल, तर ३० दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजले जातात. वर्तमानपत्रातून किंवा चिकटवून केलेली आदेश ५, नियम २० खालील पर्यायी बजावणीही या मोजणीपुरती रीतसर धरली जात नाही. ही सवलत मोठी आहे, म्हणूनच तारीख सोयीने लिहिण्याचा मोह होतो. एका प्रकरणात अर्जदाराने शपथेवर सांगितले की दरखास्तीची (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या कारवाईची) नोटीस आली त्या दिवशी आपल्याला हुकूमनामा कळला. समोरच्या वकिलांनी त्याच अर्जदाराच्या सहीचा, चार महिने आधीचा, हुकूमनाम्याची प्रत मागणारा नकलेचा अर्ज दाखल केला, आणि त्यानंतर समन्साबद्दलच्या खऱ्या तक्रारीवरही कोणाचा विश्वास बसला नाही. म्हणून प्रतिज्ञापत्रापूर्वी रोजनामा (न्यायालयातील कामकाजाची तारीखवार नोंद), समन्स बजावणाऱ्या बेलिफाचा अहवाल आणि नकलेचे अर्ज स्वतः पाहावेत.

विलंबाचे दिवसही अनेकदा चुकतात. हुकूमनामा १ मार्चचा आणि समन्स बजावलेले असेल, तर मुदत ३१ मार्चला संपते. अर्ज १० मे रोजी दिला, तर माफी ४० दिवसांची मागायची, ७० ची नव्हे. नकलेसाठी थांबणे हीदेखील चूक आहे, कारण त्यात गेलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, या अर्जाच्या नाही.

“आजारपण व कामाचा व्याप यामुळे उशीर झाला” या एका वाक्यावर माफी मिळत नाही. कोणता आजार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दाखल्याचा कागद कोणता आणि बरे झाल्यावर अर्ज देईपर्यंतचे दिवस कशात गेले, हे क्रमाने यायला हवे. एकतर्फी हुकूमनाम्याशीच निगडित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली ८८३ दिवसांचा उशीर माफ केला होता. उशिराच्या लांबीपेक्षा खुलासा पटण्याजोगा असणे महत्त्वाचे, हे त्यामागचे सूत्र होते. आधीच्या वकिलांवर दोष ढकलायचा असेल, तर त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार किंवा संदेश जोडावेत. नुसता आरोप पुरत नाही.

समन्सातल्या किरकोळ त्रुटीवर सगळी भिस्त ठेवू नये. प्रतिवादीला तारीख ठाऊक होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता असे दिसले, तर केवळ बजावणीतील अनियमिततेमुळे हुकूमनामा रद्द होत नाही.

अर्ज दाखल झाला म्हणजे दरखास्त थांबली, असेही समजू नये. स्थगितीचा वेगळा अर्ज त्याच दिवशी द्यावा. हुकूमनामा प्रांतीय लघुवाद न्यायालय कायद्याखालचा असेल, तर कलम १७ नुसार अर्जासोबतच हुकूमनाम्याची रक्कम भरावी लागते किंवा तारण देण्याची परवानगी आधी मागावी लागते. ते राहिले तर विलंब माफ होऊनही अर्ज टिकत नाही.