कॉल लागला की ब्लूटूथ हेडफोनचा आवाज डब्यातून आल्यासारखा: माझा अनुभव

एरवी गाणी झकास ऐकू यायची, पण कॉल जोडला की त्याच हेडफोनमधून पत्र्याच्या डब्यातला आवाज. ऑनलाइन शिकवणीत गुरुजींनी स्क्रीन शेअर करून लावलेला तंबोरा तर माशी घोंघावल्यासारखा! राउटर हलवला, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं; दोन रविवार वाया.

दोष नेटचा नव्हताच. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ स्टिरिओ (दोन्ही कानांत वेगवेगळा आवाज) सोडून ‘हँड्स-फ्री’ या कॉलसाठीच्या मोडवर जातं: मोनो म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज, आणि सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतात ते) फक्त 8 किंवा 16 किलोहर्ट्झ, म्हणजे 8 किंवा 16 हजार. म्हणून तो डब्यातला आवाज.

विंडोज 10 वर आधी कॉल बंद केला. अ‍ॅपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडला. मग स्पीकरच्या यादीत हेडफोन दोनदा दिसतो, त्यातला ‘स्टिरिओ’वाला घेतला. पुन्हा कॉल लावला. तंबोरा जवारीसकट (तारांच्या त्या गुंजनासकट) ऐकू आला. माझ्या लॅपटॉपच्या पंख्याची घरघर गुरुजींना थोडी ऐकू जाते, तेवढं चालतं.